लोटस खाणाऱ्यांना आळशी कोणी ठरवले?

‘होमरच्या ओडिसीमध्ये कमळे खाऊन गुंगीत लोळत पडणाऱ्या आळशांचा देश आहे, तिथे ओडिसियसचे सारे खलाशी वर्षानुवर्षे अडकले, आणि त्यावरूनच स्वप्नाळू ऐतखाऊंना लोटस-ईटर म्हणतात,’ असा मजकूर सध्या मोबाइलवर बराच फिरतो आहे. शब्दाचा आजचा अर्थ त्यात बरोबर दिला आहे. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या नावावर खपवलेला बाकीचा तपशील मात्र, ट्रॉयच्या युद्धावरून घरी परतणाऱ्या ओडिसियसची कथा सांगणाऱ्या मूळ काव्याशी ताडून पाहिला की टिकत नाही.

सारे खलाशी अडकले नाहीत आणि वर्षेही गेली नाहीत. नवव्या सर्गातल्या जेमतेम वीस-पंचवीस ओळींचा हा प्रसंग आहे. ग्रीसच्या दक्षिणेकडील मालिया भूशिरापासून नऊ दिवस भरकटलेली जहाजे दहाव्या दिवशी किनाऱ्याला लागतात, पाहणीसाठी तिघे जण पाठवले जातात, ते लोटस चाखतात आणि परतायचे नाव काढत नाहीत. तेव्हा ओडिसियस त्यांना रडत असतानाच ओढून आणतो, बाकांखाली बांधतो आणि जहाजे हाकारतो.

कमळाचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. होमर लोटसला ‘फुलांचे अन्न’ म्हणतो, त्यामुळे ईजिप्तमधल्या निळ्या कमळाकडे बोट दाखवणारे अभ्यासक अगदीच निराधार बोलत नाहीत. पण तोच होमर त्याला ‘मधासारखे गोड फळ’ही म्हणतो, आणि कमळाला असे फळ येत नाही. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लोटस खाणाऱ्या लोकांची वस्ती लिबियाच्या किनाऱ्यावर सांगितली असून ते फळ खजुरासारखे गोड असते व त्याची दारूही करतात, असे नोंदवले आहे. वनस्पतींवर लिहिणारा ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस तर त्याचे झाडच वर्णितो आणि सांगतो की उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज नगरावर चालून निघालेल्या ग्रीक सेनानी ओफेलासच्या सैन्याने, रसद संपल्यावर, कित्येक दिवस याच फळांवर काढले. गुंगी आणणाऱ्या फळावर सैन्य कूच करील, हे पटण्यासारखे नाही. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी लोटस हे नाव ज्या उत्तर आफ्रिकी काटेरी झुडपाला दिले, ते आपल्या बोरीच्याच प्रजातीतले आहे. मला तरी बोराचाच पक्ष बळकट वाटतो.

राहिला आळस. हे लोक झोपाळू किंवा कामचुकार होते, असे होमर कुठेही म्हणत नाही. पाहुण्यांचे वाईट त्यांच्या मनात नव्हते, एवढेच तो आवर्जून सांगतो. औषधाचा अंमल दाखवायचा असतो तेव्हा तो तसे स्पष्ट लिहितो: ट्रॉयच्या युद्धाला कारण ठरलेली हेलन मद्यात दुःख विसरायला लावणारे औषध मिसळते, आणि मायदेशाचा विसर पडावा म्हणून जादूगारीण सर्सी अन्नात औषधे कालवते. लोटसबद्दल असा शब्द नाही. त्याने होते ते एवढेच, की घरची ओढ सरते. जिथे सदैव दुपारच वाटते असा तो देश आणि ‘आता वल्ही मारणे पुरे’ असे गाणारे दमलेले खलाशी इंग्रज कवी टेनिसनच्या १८३२ सालच्या कवितेतले आहेत, आणि इंग्रजीत या शब्दाला चिकटलेली सुस्ती बव्हंशी तिथलीच आहे.