पहाटेची हवा आणि बाबांचं हृदय
मुंबईच्या धुरक्यावरचा एक लेख वाचला. त्यात खोकला, दमा, डोळ्यांची जळजळ सगळं आलं. हृदयाच्या वाट्याला मात्र जेमतेम एक ओळ. मला विचाराल तर खरी भीती तिथेच आहे. धुरक्यातले पीएम २.५ म्हणजे हवेत तरंगणारे, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे कण. ते फुफ्फुसांत खोलवर जातात, त्यांतले अतिसूक्ष्म थेट रक्तात उतरतात. रक्तवाहिन्यांना आतून सूज येते, रक्त गोठायला सोपं जातं. आधीच ब्लॉकेज असलेल्या माणसाला तेवढं निमित्त पुरतं.

आमच्या बाबांची अँजिओप्लास्टी झालीय. तरी डिसेंबरात पहाटे साडेपाचला कानटोपी घालून हायवेलगत चालायला हजर! "पहाटेची हवा शुद्ध असते" हे डोक्यात पक्कं. हिवाळ्यात बरेचदा उलटंच असतं: थंड हवा जमिनीलगत बसून राहते, धूर वर जात नाही. त्यात गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं. डॉक्टरांनी दटावल्यापासून ऊन चढल्यावर निघतात, कुरकुरत का होईना.

आणि मानकांचं काय? पीएम २.५ची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमवर आणली, आपली अजून ४०. म्हणजे आपल्या नियमात बसणारी हवाही त्यांच्या हिशेबाने आठपट घाण असू शकते.