टॉवेलची दांडी गुल

सोलापुरात राहून घरात टॉवेलवरून भांडण व्हावं, यापरता नामुष्की नाही. चाटी गल्लीतून आणलेला पांढराशुभ्र टॉवेल. एका सकाळी त्याच्या मधोमध तांबूस ठिपक्यांची रांग उमटली. "अहो, काय पुसलंत याला?" बायकोचा आवाज थेट पोलीस चौकीतला.

मी काहीच पुसलं नव्हतं. गुन्हेगार होती बाथरूममधली दांडी. लोखंडी नळी, वर निकेलचा मुलामा. "साहेब, गंजायचं नाव काढणार नाही," असं दुकानदार म्हणाला होता. (दुकानाचं नाव मीही काढत नाही, रोज त्याच रस्त्यानं जातो.)

बरं, दांडीला अ‍ॅसिडचा थेंब लागू दिला नव्हता. अ‍ॅसिड फक्त फरशीला. बोअरच्या पाण्याचे पांढरे थर दुसऱ्या कशाला बधत नाहीत. दर रविवारी ओतायचं, दार ओढून घ्यायचं आणि बाहेर पेपर वाचत बसायचं, एवढंच माझं घरकाम.

एमआयडीसीत मुलाम्याच्या कामावर असलेल्या मित्रापुढे दांडी ठेवली.

"काय बे, दार लावून अ‍ॅसिड टाकतो का? मग वाफ कुठं जाईल? हायड्रोक्लोरिक हाय ते. वाफ ओल्या दांडीवर बसली की तिथंच अ‍ॅसिड."

"पण निकेल गंजत नाही ना?"

"निकेलला काय झालंय? बघ की, चमकतंय."

खरंच चमकत होतं. स्वस्तातला मुलामा पातळ असतो, त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं राहतात. अ‍ॅसिड तिथून आत शिरलं की दोन धातूंची जुंपते आणि मार खातं लोखंड. लोखंडाचं विभव (म्हणजे विजेची पातळी; जितकी जास्त उणे, तितका धातू आधी झिजणार) उणे ०.४४ व्होल्ट, निकेलचं उणे ०.२५ च्या आसपास. निकेल तेवढंच वरच्या घराण्यातलं. त्यात छिद्र टाचणीच्या टोकाहून बारीक आणि भोवती निकेलचं मैदान, म्हणजे सगळा जोर त्या एका ठिपक्यावर. जस्ताचा मुलामा असता तर आधी जस्त झिजलं असतं. निकेल मात्र स्वतः झगमगत राहून लोखंडाला पुढे करतं. (आमच्या एका काकांची आठवण झाली. लग्नात फेटा बांधून फोटोत ते, पंगतीत वाढायला मी.)

"चांगलं काम म्हंजे वीस-पंचवीस मायक्रॉनचा थर पायजे. मायक्रॉन म्हंजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुझ्या नळीला निकेल नुसतं दाखवून आणलंय."

टॉवेल लिंबू-मीठ चोळून उन्हात टाकला. डाग गेले. त्या आनंदात बायकोनं उरलेलं लिंबू दांडीला चोळलं. गंज निघाला, छिद्रं उघडी पडली आणि आठवड्यात ठिपक्यांना पिल्लं झाली.

आता स्टेनलेस स्टीलची आणतो म्हटलं, तर मित्र म्हणाला, "आण की. पण आधी दार उघडं ठेवायला शिक. त्या अ‍ॅसिडातलं क्लोराइड स्टीललाबी सोडत नाही."

सध्या टॉवेल नायलॉनच्या दोरीवर वाळतो. दोरी दोन खिळ्यांना बांधली आहे. खिळे कसले, हे अजून घरात कुणी विचारलेलं नाही.