गिटारीचा आवाज भोकातून येत नाही

आमच्या भजन मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: गिटारीचा आवाज मधल्या भोकातून निघतो, पोकळ पेटी तारेची ताकद वाढवते, आणि भोक जितकं मोठं तितका आवाज मोठा. तिन्ही गोष्टी चूक आहेत. शेजारच्या पोट्ट्यानं हे वाचून जुन्या गिटारीचं भोक खरंच पात्यानं बोटभर वाढवलं, म्हणून लिहायला बसलो.

आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो. नुसती तार जवळपास मुकी असते. काडी हलवून वारा येतो का? सूप हलवावं लागतं. तारेची थरथर ब्रिजमधून, म्हणजे तारा जिथं फळीवर टेकतात त्या पट्टीतून, फळीत उतरते आणि ती फळी सुपासारखी हवा ढकलते. बहुतेकदा स्प्रूस नावाच्या लाकडाची, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची! आपली खंजिरी पाहा. तुकडोजी महाराजांनी तिच्यावर अख्खा विदर्भ जागवला. तिला कुठं बंद पेटी आहे? ताणलेलं कातडंच बोलतं. स्पेनच्या अंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ मध्ये पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या करून गिटार बनवली, फळी मात्र उत्तम लाकडाची ठेवली. ती वाजली.

पेटी ताकद वाढवत नाही. ताकद बोटाची, तेवढीच. फोन व्हायब्रेटवर लावून धान्याच्या टिनाच्या कोठीवर ठेवा, केवढा गुरगुरतो! फोनचा जोर वाढलेला नसतो, पत्रा जास्त हवा हलवतो. गिटारीत तारेची ताकद अशीच लवकर खर्च होते, म्हणून भरीव इलेक्ट्रिक गिटारीची तार जास्त वेळ थरथरत राहते.

आता भोक. ते बिनकामाचं नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ती घुमते ना, तशी पेटीतली हवा भोकातून आतबाहेर होत साधारण १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) आसपास घुमते आणि खालच्या सुरांना भर देते. तोंड मोठं केलं की हा घुमारा वरच्या सुरांकडे सरकतो, आणि ८२ हर्ट्झच्या सगळ्यात जाड तारेला त्याची भर मिळत नाही. त्या पोराच्या गिटारीवर मी तीच तार छेडली: कोरडं ‘टण्ण’, मागं काहीच नाही. पोरगं रडवेलं झालं होतं. मग वहीच्या जाड पुठ्ठ्याची कडी कापली, भोकाच्या कडेला आतून डिंकानं चिकटवली, रात्रभर वाळू दिली. सकाळी त्यानंच तार छेडली आणि कान फळीला लावून बसला.