पंचगंगा घाटाच्या छायाचित्राविषयी आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या स्टुडिओतून कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावरील त्रिपुरी पौर्णिमेच्या दीपोत्सवाचे 36 इंची छायाचित्र नेले. पणत्यांचा उजेड संगणकावर रंगवलेला आहे, देवळाच्या शिखराभोवती पांढरी रेघ दिसते आणि पणती लावणाऱ्या आजींचा चेहरा मेणाचा वाटतो, अशी आपली तक्रार आहे. शेवटच्या दोन्ही चुका आमच्या आहेत. पहिल्या आक्षेपाबद्दल मात्र थोडे सविस्तर सांगू द्यावे.

पहाटेच्या अंधारात पणतीची ज्योत आणि तिच्या शेजारची काळ्या दगडाची पायरी यांच्या उजेडात इतकी तफावत असते, की ज्योत सांभाळली तर पायरी काळीठिक्कर पडते आणि पायरी सांभाळली तर ज्योतीचा नुसता पांढरा डाग उरतो. म्हणून ट्रायपॉड न हलवता, आयएसओ 100 (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि एफ 8 (भिंगाच्या छिद्राचे माप) कायम ठेवून, मी 1/15, 1/4, 1 आणि 4 सेकंद शटर उघडे ठेवत चार फ्रेम घेतल्या. ज्योतींचा केशरी गाभा पहिल्या फ्रेममधला आहे. पायऱ्यांवरचे टाकीचे घाव आणि ओघळलेल्या तेलाची चमक 4 सेकंदांच्या फ्रेममधली आहे. आजींचा हात 1/4 सेकंदाच्या फ्रेममधला आहे, कारण वात पेटेपर्यंत तो तेवढाच वेळ स्थिर होता. हे सारे लेयर मास्कने, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा हवा तेवढाच भाग दिसू देणाऱ्या झाकणीने, एकत्र केले. त्यात एकही पणती वाढवलेली नाही.

ज्योतींभोवतीची मऊ आभा मात्र नंतर आणलेली आहे. कॅनडाचे छायाचित्रकार मायकेल ऑर्टन यांनी 1980 च्या दशकात एक रेखीव आणि एक फोकसबाहेरची अशा दोन जास्त उजळ पारदर्शिका (स्लाइड) एकमेकींवर ठेवून असा परिणाम साधला होता. आम्ही तोच संगणकावर करतो: तयार चित्राच्या प्रतीला गॉशियन ब्लर देऊन (म्हणजे ती धूसर करून) ती स्क्रीन मोडमध्ये, म्हणजे खालचे चित्र उजळवणाऱ्या पद्धतीने, ओपॅसिटी (थराचा गडदपणा) बरीच कमी करून, मूळ चित्रावर ठेवतो. स्क्रीन मोड सावल्याही उजळवतो आणि चित्र धुरकटते, त्यामुळे हा थर फक्त ज्योतींच्या आसपास राखावा लागतो आणि दगडाचा पोत त्यावर बारीक तपशील उठावदार करणाऱ्या हाय पास फिल्टरच्या वेगळ्या थराने परत आणावा लागतो.

आजींचा चेहरा या मऊ थरातून वगळायचा राहिला. पणतीच्या उजेडात उठून दिसणाऱ्या त्यांच्या सुरकुत्यांसाठीच मी तिथे थांबलो होतो आणि नेमक्या त्याच पुसल्या गेल्या, याचे मला फार वाईट वाटते. शिखराची रेघ मास्कची कड जास्त पसरट ठेवल्यामुळे आली. 4 सेकंदांच्या फ्रेममधले उजळ आकाश त्या कडेतून बाहेर डोकावते. पडद्यावर पूर्ण चित्र पाहताना ते जाणवले नाही, आणि छपाईपूर्वी 100 टक्के आकारात प्रत्येक कड तपासण्याचे काम मी केले नाही.

दोन्ही दोष काढून नवी प्रत विनामूल्य छापून देतो. चारही मूळ फाइल स्टुडिओत केव्हाही येऊन पाहाव्यात. चित्र चार फ्रेम जोडून केले आहे आणि आभा नंतर दिलेली आहे, हे विकतानाच सांगायला हवे होते. यापुढे अशा प्रत्येक प्रतीच्या मागे ते छापलेले असेल. नवी प्रत पाहूनही समाधान झाले नाही, तर पूर्ण रक्कम परत करू. माप तेच असल्याने आपली चौकट आणि काच बदलावी लागणार नाही; आमचा माणूस घरी येऊन प्रत बसवून देईल.