चित्राखालची ओळही वाचा की!

माहितीच्या पुस्तकात मजकुराआधी मुलांना चित्र पाहू द्या, हे मुलांना पुस्तक वाचून दाखवण्यावरच्या एका लेखातलं म्हणणं पटलं. पण नुसतं 'काय दिसतंय?' विचारून भागत नाही. एकाच पानावर गवा आणि शेकरू सारख्याच आकाराचे छापतात. राधानगरीच्या जंगलात दोन्ही आहेत, पण आपल्या कोल्हापुरातल्या पोरांनी तरी ते शेजारी-शेजारी कुठं बघितलेत? 'यातलं मोठं कोण, कशावरून?' असं विचारावं. उत्तर बऱ्याचदा चित्राखालच्या बारीक ओळीत असतं, आणि वाचून दाखवताना आपण नेमकी तीच खुशाल गाळतो. धरणाच्या उभ्या छेदाचं, म्हणजे मधोमध कापून आतलं दाखवणारं, चित्र असेल तर बाणावर बोट ठेवून पाणी कुठून कुठं जातं ते पोरालाच सांगू द्यावं. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी वाढल्यावर कसे उघडतात, हे मलाही असल्याच एका चित्रावरून समजलं.