मार्च आला की डोकं उठतं
सांगलीच्या हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य, मोजायचा सरकारी अनुदानाचा प्रोजेक्ट आहे माझा, हळद निघते फेब्रुवारी-मार्चला, म्हणजे सॅम्पल गोळा करायचे दिवस तेच, आणि नेमकं तेव्हाच ३१ मार्चच्या आत खर्च दाखवा, जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यातलं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे कुठं वापरले त्याचा दाखला, द्या, सीएची सही आणा. अहो पण पैसेच जानेवारीत आलेत! हळदीतून कर्क्युमिन काढायला लागणाऱ्या मिथेनॉलच्या चार बाटल्या घ्यायच्या तर आधी जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, बघा, तिथं नसेल तर नसल्याचा रिपोर्ट काढा, मग तीन कोटेशन, मग परचेस कमिटी, आणि कमिटीतले एक सर कायम नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, कामात. परवा अकाउंट्समधून फाईल तिसऱ्यांदा परत आली, कारण काय तर बिलावर स्टॉक रजिस्टरचा पान नंबर पेन्सिलीनं लिहिलेला. पेन्सिलीनं! तेवढ्यासाठी दोन जिने खाली-वर करत अर्धा दिवस गेला. प्रोजेक्टवरची पोरगी तीन महिने बिनपगारी येतीय, रोज मिरजेहून एसटीनं, तिला काय तोंड दाखवू मी? काल तासगावहून शेतकऱ्याचा फोन, मॅडम हळद शिजवायला घेतोय, कच्चे कंद पाहिजेत तर आजच या. मी तेव्हा व्हाउचर चिकटवत बसले होते.