सक्ती, सही आणि बार्शीच्या मुली

डॉक्टर मॅडम,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातलं बरंचसं पटलं. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू, बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो मुख्यतः त्याच्यामुळे. 'एचपीव्हीची लस हवी, सक्ती नको' या माझ्या लेखावर सोलापूर जिल्ह्यात वीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांचं म्हणणं असं, की ही पुण्यात बसून परवडणारी भूमिका आहे. लस शाळाप्रवेशाला जोडा, पोलिओ असाच घालवला ना? आणि सही न देणाऱ्या बापाची मनधरणी कुणी आणि किती दिवस करायची?

आधी माझी चूक. मी लिहिलं होतं की गोवर वर्गात खोकल्यातून पसरतो, एचपीव्ही तसा पसरत नाही, म्हणून 'इतरांच्या रक्षणासाठी सक्ती' हा मुद्दा इथे लागू नाही. त्यावर तुम्ही विचारलंत, जिने जन्मात नवऱ्याखेरीज कुणाला जवळ केलं नाही तिला हा विषाणू मिळाला कुठून? याला माझ्याकडे उत्तर नाही. धनुर्वात तर एकाचा दुसऱ्याला होतच नाही, तरी अमेरिकेत शाळाप्रवेशासाठी त्याची लस मागतात. तेव्हा तो युक्तिवाद मी मागे घेते.

'परवडणारी भूमिका' हे मात्र लागलं. माझ्या मावशीने 'अंगावरून जातंय' हे वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला तेव्हा ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हे निदान ऐकावं लागतं, त्यातली एक आमच्या घरातली होती.

तरीही पोलिओ सक्तीने गेला नाही, मॅडम. दारोदार फिरणाऱ्या बायका, बोटावर शाईची खूण, घराच्या भिंतीवर खडूने लिहिलेले आकडे, आणि जिथे नकार आला तिथे पुन्हा पुन्हा फेऱ्या. त्यामागे 'पाजलं नाही तर दंड' असा कायदा नव्हता.

एचपीव्हीच्या सक्तीचा प्रयोग अमेरिकेत झालेला आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांनी विधिमंडळाला न विचारता आदेश काढला, की सहावीत जाणाऱ्या मुलींना लस हवीच. लस बाजारात येऊन वर्षही झालं नव्हतं. पालकांना नकाराची मुभा होती, पण ती कोण वाचतो! लस बनवणाऱ्या मर्क कंपनीचा तिथला लॉबिस्ट, म्हणजे सरकारदरबारी कंपनीची बाजू लावून धरणारा माणूस, पेरींचाच माजी चीफ ऑफ स्टाफ निघाला, आणि काही महिन्यांत त्यांच्याच पक्षाच्या विधिमंडळाने आदेश मोडीत काढला. व्हर्जिनियाने त्याच वर्षी रीतसर कायदा केला, तोही फक्त मुलींसाठी. नकाराची वाट इतकी रुंद ठेवली की लसीकरणात विशेष फरक पडला नाही. ऱ्होड आयलंडने २०१५ पासून मुलगे आणि मुली दोघांनाही सक्ती केली आणि तिथे प्रमाण उत्तम आहे. हे उदाहरण तुमच्या बाजूचं, मान्य. पण त्या राज्यात शाळेतच लस टोचण्याची घडी आधीपासून बसलेली होती, आणि देशात सर्वात वरच्या प्रमाणांपैकी एक त्यांचं आधीच होतं.

उलट स्कॉटलंड बघा. सक्ती नाही, शाळेत लस आणि घरी संमतीचा कागद. १९८८ ते १९९६ दरम्यान जन्मलेल्या ज्या मुलींना बारा-तेराव्या वर्षी पूर्ण लस मिळाली, त्यांच्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एकही रुग्ण सापडला नाही, असं २०२४ मध्ये जाहीर झालं. आपल्याकडे सिक्कीमने २०१८ मध्ये शाळाशाळांतून मोहीम घेतली आणि ९५ टक्क्यांच्या आसपास मुलींपर्यंत पोचलं. बडगा तिथेही नव्हता.

माझा खरा आक्षेप मात्र अमेरिकेतून आलेला नाही, खम्ममहून आलेला आहे. मूळ लेखात त्यावर मी दोनच ओळी खरडल्या, तिथेच चुकलं. २००९ मध्ये पाथ ही अमेरिकी आरोग्य संस्था, आयसीएमआर ही केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद आणि राज्य सरकारं यांनी मिळून तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत लसीचा प्रकल्प सुरू केला. खम्मममध्ये आदिवासी वसतिगृहांतल्या कितीतरी मुली त्यात होत्या. सात मुली दगावल्या. कुणी बुडून, कुणी सर्पदंशाने, कुणी कीटकनाशक पिऊन. लसीशी संबंध नसावा, असं चौकशीत म्हटलं गेलं. पण फायली उघडल्यावर संमतीपत्रं बाहेर आली. आंध्रात तपासलेल्या साडेनऊ हजार अर्जांपैकी २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही होती. आईबापांना पत्ताच नाही! २०१३ मध्ये संसदीय समितीने यावर कडक शब्दांत लिहिलं.

कायदा नसताना ही सक्तीच झाली. वॉर्डनला 'नाही' म्हणायची सोय नव्हती, मुलींना तर नव्हतीच. तुम्ही शाळाप्रवेशाला लस जोडा म्हणता तेव्हा मला ती २,७६३ पत्रं दिसतात, कारण आपल्याकडे 'बंधनकारक' या शब्दाचा अर्थ खालच्या माणसापर्यंत पोचता पोचता 'टार्गेट' होतो. आणि नसबंदीच्या टार्गेटचं काय झालं ते आपल्या आईवडिलांच्या पिढीने पाहिलंय. त्यात दाखला अडवला तर शाळा सुटेल ती ऊसतोडीला गेलेल्याच्या मुलीची. जिला लस सर्वात जास्त हवी, तिची.

खम्ममची किंमत आपण भरली. एप्रिल २०१० मध्ये सगळं थांबलं, आणि त्याच वेळी देशात नऊ ठिकाणी चाललेला एक वेगळा अभ्यासही अडकला. त्यात पुणे होतं आणि तुमच्या जिल्ह्यातलं बार्शीही. दोन डोस बरे की तीन, एवढंच त्यात तपासायचं होतं. मधेच थांबल्यामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी दिसलं, की एका डोसनेही विषाणूच्या १६ आणि १८ या, कॅन्सरला सर्वात जास्त कारणीभूत असणाऱ्या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्क्यांवर संरक्षण मिळतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस चालेल म्हटलं, त्यामागे या मुलींचा मोठा वाटा आहे. बार्शीत याची कमान उभारायला हवी होती, असं मला अधूनमधून वाटतं. तिथली माणसं वर्षानुवर्षं मुलींना तपासणीला आणत राहिली, ती कुठल्या कलमाच्या धाकाने नव्हे.

राहिला सही न देणारा बाप. माझा चुलतभाऊ असाच. मुलगी बारा वर्षांची, तीनदा 'बघू' म्हणाला. डोसचे दोन हजार हे कारण नव्हतं. चौथ्यांदा वहिनीसमोर बोलला: 'उद्या सोयरीक जुळवताना कुणी विचारलं, हिला ही लस कशाला दिली होती, तर काय सांगायचं?' सक्ती असती तर त्याने एखाद्या डॉक्टरकडून खोटा कागद आणला असता आणि हा प्रश्न तोंडातून कधी बाहेर पडला नसता. वहिनी म्हणाली, 'कॅन्सरची लस म्हणायचं. खोटं आहे का?' मग धाकट्या मुलाला पण द्या म्हणाला, म्हणजे एकटीचं नाव नको. मुलग्यांना लस देण्याची इतकी व्यवहारी बाजू मी अजून कुठे ऐकली नाही.

मनधरणीला वेळ नाही हे तुमचं खरं आहे, पण ते काम तुमचं नाहीच. आशाताईंचं आहे, आणि त्यांना त्याचे पैसे मिळायला हवेत. लस फुकट आणि शाळेत, गैरहजर मुलींसाठी पुन्हा फेरी, मुलग्यांनाही यथावकाश. हे सगळं करूनही निम्म्या मुली राहिल्या तर सक्तीवर मी तुमच्याशी पुन्हा बोलेन, दार बंद करत नाही.

गोवराचं ते वाक्य मूळ लेखात खोडलं आहे, पुसलेलं नाही. खाली आजची तारीख आणि 'एका वाचक डॉक्टरांच्या आक्षेपानंतर' असं लिहिलंय. नाव घालू का, ते कळवा.